दार न सापडलेलं घर

महेश, शेवटी तू खाली आलास.

चादरीतून आलास. आपल्या जिन्याच्या वळणावर तिरडी फिरत नाही, म्हणून ती खाली पार्किंगमध्ये बांधतात आणि माणसाला चादरीत घालून खाली आणतात. चौघांनी चार टोकं धरली होती. मी मागून सानूचा हात धरून उतरत होते आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मला राग आला. इतकी वर्षं मी तुला खाली चल म्हणून विनवलं, भांडले, अबोला धरला, माझ्या भावाला मध्ये घातलं. तू जागचा हलला नाहीस. आणि आता कुणी काही न विचारता निमूट जिना उतरत होतास.

तेरावं झालं. पाहुणे गेले. भाऊ सानूला करंजाड्याला त्याच्या घरी घेऊन गेलाय. 'ताई, तूपण चल' म्हणत होता, मी म्हटलं मागून येते, आणि तुला हे लिहायला बसले. नातेवाइकांत मी तुला 'अहो' म्हणायचे, तुझ्या आईला बरं वाटावं म्हणून. आता ऐकायला कुणी नाही, तेव्हा आपलं घरातलंच 'तू' चालू दे.

आलेला प्रत्येक जण जाताना म्हणायचा, 'सुटला बिचारा.' मी मान डोलवत होते, पण आतून चरफडत होते. बिछान्यावर तू होतास हे सगळ्यांनी पाहिलं. चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये, त्याच दोन खोल्यांत, त्याच ग्रिलच्या मागे मीही होते. मला कुणी बिचारी म्हटलं नाही, म्हटलं असतं तर मी त्यांना हाकलूनच दिलं असतं म्हणा.

घर घेतलं तेव्हा सगळ्या सोसायटीने तुझी थट्टा केली होती. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आणि नेरूळमध्ये घर घेतलं ते लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये, तेही वरच्या मजल्यावर. तू म्हणायचास, 'दिवसभर लिफ्टमध्येच असतो, घरी तरी पायांनी चढू द्या.' मग तू एका टॉवरमध्ये लिफ्टच्या खोल शाफ्टमध्ये पडलास, कमरेखालचं अंग गेलं, आणि ती थट्टा लोकांनी आपणहून बंद केली. थट्टा थांबली याचंच तुला जास्त वाईट वाटलं असावं. महिनाभरातच तू बाल्कनीच्या ग्रिलला कप्पी बसवून घेतलीस, दोरीला पिशवी बांधलीस आणि खाली ओरडलास, 'आली बघा आमच्याकडे लिफ्ट.' भाजी, दूध, माझ्याकडे फॉल-बिडिंगला येणाऱ्या साड्या, सगळं त्या पिशवीतून वर यायचं. तू दोरी ओढायचास आणि मी म्हणायचे, दमशील. तू म्हणायचास, हात अजून नोकरीत आहेत.

लोकांना वाटतं, अपघातानंतर तू कधीच खाली उतरला नाहीस. तू एकदा उतरला होतास. त्या रविवारबद्दल आपण दोघं कधी नीट बोललो नाही. आज बोलू या.

सानू तेव्हा तिसरीत होती. उरणच्या बाजूला खाडीकाठी एका टेकाडावर खूप जुनी वस्ती सापडली, कॉलेजची मुलं तिथं उत्खनन करतायत, असं त्यांच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं. शाळेची सहल जाणार होती, पण मोठ्या वर्गांची. सानू घरी येऊन जी रडायला लागली ती थांबेना. मी तिला समजावत होते, तेवढ्यात तू म्हणालास, 'रडतेस काय? आपण जाऊ. आपली फॅमिली जाईल.'

मी कधीची मागे लागले होते तेव्हा तू भिंतीकडे तोंड करायचास, आणि आता पोरीच्या एका रडण्यावर निघालास. तू लगेच तळमजल्यावरच्या भोईरदादांना फोन लावलास. सानू त्यांच्याच स्कूल व्हॅनने शाळेत जायची. ते मूळ तळवलीचे, तुझ्याशी कॅरम खेळायला संध्याकाळी वर यायचे आणि हरले की खुर्चीला दोष द्यायचे. पाच मिनिटांत ते दारात हजर.

"वयनी, तुमी टेन्शन घेव नका. गारी आपली हाय, मानसं आपली हायत. उचलून नेव, कोन पारतंय त्याला?"

रविवारी सकाळी तू इस्त्रीचा निळा चेक्सचा शर्ट घातलास. लघवीची पिशवी लावायला मात्र नाही म्हणालास. 'पिकनिकला चाललोय, ती लटकवून नाही जाणार.' आपली त्यावर थोडी वादावादी झाली, मग डायपरवर तडजोड झाली. मी सांगितलं, पाणी बेताने पी. तू म्हणालास, 'हो गं बाई.' मग तुला हातवाल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, ओढणीने बांधलं, आणि भोईरदादा आणि सोसायटीतल्या तिघांनी खुर्ची उचलली. प्रत्येक वळणावर तू खुर्ची म्हणजे लिफ्ट असल्यासारखे हुकूम सोडत होतास. 'डावीकडे घ्या. लेव्हल बघा, लेव्हल. दरवाजा उघडण्यापूर्वी गाडी थांबू द्या.' चौघं हसून हसून खुर्ची पाडतील की काय अशी मला भीती वाटत होती.

गाडीत तू खिडकीशी बसलास. तू वर असताना नवीन बिल्डिंगी उभ्या राहिल्या होत्या, पूल झाले होते, आणि तू प्रत्येक टॉवर बघून सानूला सांगत होतास, यात किती लिफ्ट असतील, सर्व्हिस लिफ्ट कुठल्या बाजूला असेल. खाडी दिसली तेव्हा तू काच पूर्ण खाली केलीस. वाऱ्याने तुझे केस उडत होते. मला वाटलं, झालं, आता हा माणूस सुटला घरातून. आता दर रविवारी निघू.

खणलेली जागा म्हणजे एक मोठा खड्डा असेल असं मला वाटलं होतं. तिथं तर टेकाडावर चौकोनी खड्डे होते, थापलेल्या वड्या कापाव्यात तसे सरळ, आणि प्रत्येक दोन खड्ड्यांमध्ये मातीची एक पट्टी न खणता राखलेली. तुझी खुर्ची नेमकी त्या पट्टीच्या कडेला टेकवली. तिकडून चार-पाच मुलं एकदम 'काका, तिथे नको' म्हणत धावली, पण खुर्चीचा एक पाय रुतला आणि कोपऱ्याचं एक ढेकूळ घरंगळत खड्ड्यात गेलं. तू म्हणालास, "घ्या. इतकी शतकं टिकलं आणि नेमका मी आलो."

टोपी घातलेल्या मॅडम हसल्या म्हणून आपण वाचलो. त्या स्वतःच कॉलेजातल्या वाटत होत्या, पण तिथं त्यांचाच शब्द चालत होता. त्यांनी तुझी खुर्ची दुसरीकडे घ्यायला लावली आणि सानूला समजावून सांगितलं, ही पट्टी मुद्दाम ठेवतात. तिच्या बाजूंवर मातीचे थर दिसतात, कुठला आधीचा, कुठला नंतरचा, ते त्यावरून वाचायचं. मग त्यांनी सानूला चपला काढायला लावून एका खड्ड्यात उतरवलं. काम संपलेला खड्डा होता. खाली शेणामातीने चोपलेली जमीन होती, खांबांची गोल भोकं, भिंतीचा पाया, एका कोपऱ्यात तीन दगडांची चूल आणि तिच्याशेजारी अर्धा तुटलेला पाटा.

"मम्मी, मी त्यांच्या किचनमध्ये आहे," सानू खालून म्हणाली. मग तिने चारी बाजूंना फिरून पाहिलं आणि विचारलं, "दार कुठंय?"

"दार अजून सापडलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "तीन बाजूंचा पाया मिळालाय, तो सलग आहे. चौथी बाजू या पट्टीच्या खाली जाते."

"मग ती माणसं बाहेर कशी जायची?"

सानूचा चेहरा उतरला होता. तुला तो वरून दिसत होता, म्हणून तू पटकन म्हणालास, "दार असणार, बाळा. माणूस आत गेला म्हणजे दार आहेच. आमच्या धंद्यात तर आधी दरवाजाची जागा धरतात, मग बाकीचं."

"मग काका, तुम्हाला काय वाटतं, त्या चौथ्या बाजूला नेमकं कुठे असेल?" मॅडमनी तुला विचारलं.

अपघातानंतर जो येई तो तुला 'कसं वाटतंय' विचारायचा. तुला काय वाटतं हे विचारणारी ती पहिली बाई. तू खुर्चीत सावरून बसलास. वारा खाडीकडून येतो, म्हणजे दार त्या बाजूच्या, खाडीपासून लांबच्या टोकाला असणार, असं तुझं म्हणणं. मी म्हटलं, वाऱ्याचं सोड, चूल कुठे आहे ते बघ, दार तिच्यासमोर नको का, नाहीतर धुराने जीव जाईल त्या बाईचा. तू म्हणालास, धूर छपरातून जातो. मी म्हटलं, तू कधी चुलीपुढे बसलायस का? मॅडम एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "घरीपण असंच भांडता का?"

"घरी विषय कमी पडतात," तू म्हणालास.

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. तिथं काम करणाऱ्या गावातल्या बायकांनी कोकम सरबत केलं होतं, ते तू दोन ग्लास प्यायलास आणि तिसराही घेतलास. मी डोळे वटारले. तू माझ्याकडे बघितलंच नाहीस. तुला त्या दिवशी कुणी कशालाच 'नाही' म्हणू नये असं मला वाटलं, म्हणून मीही गप्प बसले.

निघताना मॅडमनी सांगितलं की हंगाम संपत आला, आता काही दिवसांत खड्ड्यांमध्ये प्लास्टिक अंथरून हीच माती परत भरणार. सानूला ते अजिबात पटलं नाही.

"परत बुजवणार? मग शोधलं कशाला?"

"उघडं ठेवलं तर पावसात वाहून जाईल ना," मॅडम म्हणाल्या. "बंद केलं की टिकतं. पुढच्या वेळी परवानगी मिळाली की उघडू. तेव्हा ही पट्टी काढू आणि दार बघू. तुम्ही तिघंही या."

परत येताना सानू फुगून बसली होती. तू तिच्याकडून वचन घेतलंस, दार बघायला तिघांनी मिळून यायचं. तू आणि भोईरदादा मोठमोठ्याने गात होतात, दोघांचेही सूर धड नव्हते. त्या तासाभरात मी मनातल्या मनात दर रविवार ठरवून टाकला होता. कुठे जायचं, काय डबा करायचा, सगळं.

आणि मग दुसऱ्या मजल्याचं ते वळण आलं.

चढताना चौघं दमले होते. त्यांनी खुर्ची टेकवली. भोईरदादा बाटलीतून पाणी पीत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं होतं, त्यांची नातवंडं 'काका कुठे गेले होते' म्हणून बाहेर आली होती. तेव्हा तुझ्या खुर्चीखाली ओल पसरायला लागली. मी पाहिली. चौघांनी पाहिली. मुलांनी पाहिली की नाही ते मला माहीत नाही. भोईरदादांनी एकदा खाली पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं नाही, आणि हातातली बाटली सरळ उलटी केली.

"आयला, सांडली माजी बाटली."

बाकीच्या तिघांपैकी कुणीतरी म्हणालं, 'काय भोईर, लक्ष कुठंय.' भोईरदादांनी खांद्यावरचा टॉवेल काढून फरशी पुसली, तो पिळला, परत पुसली, आणि वर 'चला, उचला' म्हणाले. तू भिंतीवरच्या मीटरच्या पेट्यांकडे बघत होतास. शेवटपर्यंत तिकडेच बघत राहिलास.

घरात आल्यावर मी तुला स्वच्छ केलं, कपडे बदलले. तू फक्त म्हणालास, 'चहा टाक.' मी चहा टाकला. त्यानंतर त्या गोष्टीचा एक शब्दही आपल्यात निघाला नाही. मला कळत होतं की तुला त्याबद्दल बोलायचं नाही, आणि तुलाही कळत होतं की मला कळलंय. असं आपण कितीतरी गोष्टींत राहिलो, पण ही सगळ्यांत मोठी.

पुढच्या रविवारी भोईरदादा तुला खाडीवर न्यायला आले, 'चल, खारीवर जाऊ.' तू म्हणालास, पाठ दुखतेय. त्याच्या पुढच्या रविवारी तू मला सांगितलंस, झोपलाय म्हणून सांग. कॅरम पलंगाखाली गेला. काही दिवसांनी ते वर यायचे थांबले, पण जवळा, बोंबील, कधी तळवलीहून आलेली भाकरी खालच्या पिशवीत घालायचे आणि दोरी हलवायचे. तू दोरी ओढायचास. पिशवीत काय आहे ते बघून मला द्यायचास आणि म्हणायचास, 'त्यांना थँक्यू म्हण.' मी ग्रिलमधून खाली थँक्यू म्हणायचे आणि ते हात वर करायचे.

मग आपलं भांडण सुरू झालं, ते तुझ्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चाललं. करंजाड्याला माझ्या भावाच्या बिल्डिंगमध्ये जागा होती, मोठी लिफ्ट, खाली सपाट रस्ता. चाकाची खुर्ची थेट गेटपर्यंत गेली असती. कुणी उचलायचं नाही, कुणाचे उपकार नाहीत. मी लिफ्टचे फोटो मागवले. तू ते फोटो मोठे करकरून बघितलेस आणि म्हणालास, 'हिचा ब्रेक बघ, ह्यात मी बसणार नाही.' मग म्हणालास, तिकडे पाण्याचा टँकर लागतो. मग, सानूची शाळा. एकेक कारण मी खोडून काढलं की तू तुझं हुकमी वाक्य टाकायचास.

"बंद असलं की टिकतं. मॅडम म्हणाल्या नव्हत्या?"

"तू काय मडकं आहेस?"

"मडकंच आहे. उघडं ठेवलं तर फुटेन."

कधी मी हसायचे, कधी भांडी आपटायचे. एकदा मी एवढी भडकले की साडीचा फॉल उलटा शिवला आणि तुलाच तो उसवायला बसवलं. तू निमूट उसवलास. आपण दार, माती, टँकर, ब्रेक यांवर भांडत राहिलो, कारण दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भांडता येत नव्हतं. तुझं खरं कारण मला ठाऊक होतं. ते मी बोलून दाखवलं असतं तर तुझ्याकडे काय उरलं असतं? म्हणून मी तुझी खोटी कारणं खरी धरून भांडले. बायकोने एवढं तरी करायचं असतं, असं मला वाटायचं.

पण महेश, त्या नादात मीही वर अडकले रे. दवाखान्यातली रिसेप्शनची नोकरी तुझ्या अपघातानंतर सोडली होती ती सुटलीच. भाजीला खाली गेले की तू कधी लवकर ये म्हणाला नाहीस, पण आल्यावर तुझी नजर घड्याळावरून माझ्याकडे यायची. मी कधीकधी पिशवी हातात घेऊन खाली पार्किंगमध्ये स्कूटरींच्या मध्ये नुसती उभी राहायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, किल्ली शोधतेय. वर चढायची इच्छाच व्हायची नाही. कधीकधी मला तुझा तिटकारा यायचा. लिहायला हात कचरतोय, पण यायचा. आणि दार उघडून आत आले की तू सुयांमध्ये दोरे ओवून ठेवलेले असायचे, रंगांप्रमाणे रांगेत लावून, माझे डोळे दुखतात म्हणून. मग मला त्या पार्किंगमधल्या बाईची लाज वाटायची.

आपण सुखीपण होतो, हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही. तू सानूला भागाकार शिकवायचास ते लिफ्टमध्ये किती माणसं बसतील यावरून. माझं मशीन बिघडलं की पलंगावरच सगळं उघडून बसायचास आणि एक स्क्रू नेहमी जास्तीचा उरायचा. तुझ्यासारखा गप्पिष्ट नवरा किती बायकांना मिळतो? माझ्या मैत्रिणींचे धडधाकट नवरे घरात चार शब्द बोलत नाहीत.

त्या रविवारच्या पुढच्या वर्षी मॅडमचा फोन आला होता. काम पुन्हा सुरू झालंय, पट्टी काढणार आहोत, तिघंही या. तू स्पीकरवर त्यांच्याशी छान बोललास, वारा आणि चुलीची आठवण काढलीस. फोन ठेवून म्हणालास, 'तुम्ही दोघी जाऊन या.' सानू म्हणाली, गेलो तर तिघं, नाहीतर कुणीच नाही. तू तिला खूप समजावलंस. ती तुझीच मुलगी, तिने ऐकलं नाही. ती शाळेचं दप्तर घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. त्या घराला दार सापडलं की नाही ते आपल्याकडे अजून कुणालाही माहीत नाही.

तुझ्या शेवटच्या सकाळी तुझा श्वास लागला होता. ताप आधीपासून होता, डॉक्टर धापा टाकत वर येऊन ॲडमिट करा म्हणून गेले होते, आणि तू 'उद्या बघू' म्हणाला होतास. ॲम्ब्युलन्सवाल्यांचं स्ट्रेचर वळणावर अडलं. मी ग्रिलमधून भोईरदादांना हाक मारली. ते ती प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊनच चारही जिने पळत आले. तुला उचलायला ते वाकले तेव्हा तू मान हलवलीस. नको म्हणालास की श्वास मिळत नव्हता म्हणून हलली, मला कळलं नाही. खुर्चीत बसवेपर्यंत तू गेला होतास. डॉक्टर म्हणाले, खाली नेलं असतं तरी फरक पडला नसता. हे वाक्य मी घट्ट धरून ठेवलंय.

चादरीतून उतरवताना डोक्याकडचं टोक भोईरदादांकडे होतं. दुसऱ्या मजल्यावर एक जण म्हणाला, जरा टेकवू या. ते म्हणाले, "हितं नको. चला." आम्ही तसेच पुढे उतरलो.

काल दुपारी ते आले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा घरात येऊन बसले. मी चहा दिला. बराच वेळ ते व्हॅनचं, शाळा उघडायचं बोलत राहिले. मग कप दोन्ही हातांत धरून म्हणाले,

"वयनी, एक इचारू? तो माज्यावर रागावला व्हता काय? त्या दिवशी जिना चरताना माज्या हातान खुर्ची हिसकली व्हती. त्याला लागला असंल. मंग तो बोलायचाच बंद झाला. कवापासून मनात हाय माज्या."

महेश, मला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस पिशवीत मासे घालत होता तो माफी मागत होता. आणि आपण वरून थँक्यू म्हणत होतो.

तुला न विचारता मी त्यांना सांगितलं. तुझं इतकं जपलेलं गुपित मी उघडं केलं, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. मी म्हटलं, "दादा, त्याला काही लागलं नव्हतं. तो तुमच्यावर कधीच रागावला नव्हता. ती बाटली तुम्ही मुद्दाम सांडलीत, हे त्याला कळलं होतं. त्याची त्याला लाज वाटत होती. तुम्हाला तोंड दाखवायला नको म्हणून तो खाली आला नाही."

भोईरदादांनी कप खाली ठेवला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"नाय वयनी," ते म्हणाले. "बाटली माज्याच हातान सांडली व्हती. तवा पन सांगला, आता पन सांगतंय."

त्यांनी उरलेला चहा संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला, आणि जिना उतरून गेले.

असा माणूस तळमजल्यावर राहत होता, महेश. खाली यायला हरकत नव्हती रे.